खाजगी कारणास्तव

आजारी आहे असं ऑफिसात कळलं की माणसं बघायला येतात. चार सफरचंदं नाहीतर एखादं शहाळं घेऊन येतात, पलंगाशेजारी खुर्ची ओढतात आणि आपल्या साडूला अगदी हेच कसं झालं होतं ते पहिल्यापासून सांगतात. म्हणून ज्याला शरीराचं काही गुपचूप करून घ्यायचं असेल त्याने आजारपणाचं निमित्त काढू नये, असं माझं ठाम मत आहे. सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी निम्मी नोकरी गेली. लोकांचे रजेचे अर्ज वाचूनच हे मत बनलंय.

अर्ज वाचता वाचता माणसं कळायला लागतात. भर पितृपक्षात वास्तुशांत काढणारे असतात, पौषात पुतणीचं लग्न लावणारे असतात. आम्ही काही बोलत नाही. रजा शिल्लक आहे का बघायचं, टिपणी लिहायची, फाईल वर पाठवायची. थाप आहे हे साहेबांनाही कळतं आणि तरी रजा मंजूर होते, कारण थाप ओळखीची असते. देव, लग्नकार्य, गावाकडची जमीन, आईचं पथ्यपाणी, पोराची दहावी. एवढ्यात सगळ्यांचं भागतं.

‘डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घ्यायच्या आहेत’ हे मात्र त्यात कुठे बसत नाही. आणि मला त्या काढून घ्यायच्या होत्या. जमल्यास वरच्या पापण्यांची लोंबणारी कातडीही.

कारण विचाराल तर चौकशा. सकाळी मस्टरवर सही करायला जावं तर, “मॅडम, बरं नाही का?” दुपारी डबा उघडावा तर, “झोप झालेली दिसत नाही.” मी ढाराढूर झोपून आलेली असे. एका लग्नात तर नवरीच्या आत्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, “रडलीस होय गं?” मी तेव्हा जिलबी खात होते. लोकांचं चुकत नव्हतं. विचारणाऱ्यांत काळजीच जास्त होती. पण दिवसातून चारदा आपल्याला दुःख नसल्याचं पटवून द्यावं लागलं की माणूस थकतो, आणि मग खरंच थकल्यासारखा दिसतो. माझा चेहरा माझ्याबद्दल रोज काहीतरी खोटंच सांगत फिरत होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. डोळ्याच्या गोलाभोवती चरबीची गादी असते. ती आत धरून ठेवणारा पडदा वयाने सैल पडतो आणि गादी पुढे येते. कुणाचा लवकर पडतो, कुणाचा उशिरा, आणि त्यात घराण्याचा हात मोठा. माझे वडील तिशीतच तसे दिसायचे, ते मला आठवलं. वरच्या पापणीची कातडी नजरेच्या आड येते का, तेही त्यांनी तपासलं. येत असती तर तो उपचार झाला असता. येत नव्हती.

“म्हणजे माझी ही हौसच,” मी म्हटलं.

“हौस तर हौस. हौशीलाही टाके तेवढेच पडतात,” ते म्हणाले, आणि फॉर्म पुढे केला.

आता निमित्त काय सांगायचं? पहिली सूचना नवऱ्याची: मोतीबिंदू. वय बसतं, डोळाही आहे, काळा चष्माही खपतो. ऐकायला इतकं चपखल की माझी बहीणही फोनवर “हां, हेच!” म्हणाली. मी दोघांनाही सांगितलं, तुम्ही आमचं ऑफिस पाहिलेलं नाही. मोतीबिंदू म्हटलं की डॉक्टर कोण, लेन्स कुठली, घडीची का साधी, कितीला पडली, एकाच डोळ्याचा का दोन्ही, आणि दुसऱ्याचा केव्हा, इथपर्यंत प्रश्न जातात. शिवाय त्याच रांगेत असलेले तिघे-चौघे माझ्याकडून डॉक्टरांचा नंबर मागणार. थाप सांगणं सोपं, नंतर तिची निगा राखायला माणूस ठेवावा लागतो.

हे मला लेखा शाखेतल्या एका गृहस्थांमुळे माहीत होतं. त्यांनी डोक्यावर केस लावून घेतले. त्यासाठी आधी डोकं भादरतात. आपल्याकडे मोठ्या माणसाचं डोकं भादरलेलं दिसलं की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, कोण गेलं? तो प्रश्न टाळायला त्यांनी तिरुपतीला गेल्याचं सांगितलं. झालं! लाडवाचा प्रसाद कुठाय, इथून सुरुवात. प्रसाद संपला म्हणाले, तर कुणीतरी आठवण केली की तिरुपती केलं की कोल्हापूरला अंबाबाईच्या पायाशी जाऊन यावंच लागतं, नाहीतर यात्रा पुरी होत नाही. बिचारे पुढच्या रविवारी टोपी घालून खरोखर कोल्हापूरला जाऊन आले आणि येताना प्रसाद घेऊन आले. त्यातून पुढे कपाळाच्या वर बारीक लाल खपल्यांच्या रांगा, त्या काही न्हाव्याच्या वस्तऱ्याने उमटत नाहीत. त्या पडेपर्यंत आठ-दहा दिवस टोपी. मग लावलेले केस काही आठवड्यांनी गळून पडतात. तसं ते पडतातच, मुळं आत राहतात आणि तीन-चार महिन्यांनी नवे केस डोकावू लागतात. वर्षभराने माणूस भरघोस केसांचा झाला तेव्हा ऑफिसात सर्वमान्य झालेलं स्पष्टीकरण असं होतं: बालाजी पावला. ही सगळी हकिगत त्यांनी स्वतःच, निवृत्तीच्या निरोप समारंभात, माईक हातात घेऊन सांगितली. समोरचे हसून लोळत होते. नोकरीत असताना त्यांनी ती सांगितली नसती आणि मीही सांगा म्हटलं नसतं.

तर मोतीबिंदू रद्द. वैद्यकीय रजा घेण्यातही अर्थ नव्हता. तिला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राचा मसुदा ठरलेला आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीत तो छापलेलाच आहे. त्यात ‘अमुक आजाराने ग्रस्त’ अशी एक रिकामी जागा येते. खोटं प्रमाणपत्र दिलं तर डॉक्टरांची नोंदणीच धोक्यात. आमचे डॉक्टर म्हणाले, “मी कमी लिहीन, खोटं लिहिणार नाही.” मला ते आवडलं. शिवाय रुजू होताना पुन्हा फिटनेसचा कागद. प्रत्येक कागद चार टेबलांवरून जातो, आणि प्रत्येक टेबलाला डोळे असतात. वैद्यकीय प्रतिपूर्तीचा तर प्रश्नच नव्हता.

त्यापेक्षा अर्जित रजा. आमच्याकडे ती 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अशी खात्यावर जमा होते आणि तिला डॉक्टरांचा कागद लागत नाही. ‘रजा हक्क म्हणून मागता येत नाही’ असं नियमांत आहे, आणि इतर नियम विसरणाऱ्या साहेबांनाही एवढं एक वाक्य तोंडपाठ असतं. म्हणून वेळ बघून मागावी लागते. मार्चअखेर नाही, अधिवेशन चालू असताना नाही. 2020 च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून दोन्ही टोकांना शनिवार-रविवार जोडता येतात, हा मोठाच दिलासा. खाजगी नोकरीत याच्या वेगळ्याच तऱ्हा. माझी भाची हिंजवडीला आहे. ती म्हणाली, “मावशी, घरून काम घ्यायचं आणि कॅमेरा बंद ठेवायचा, नेट स्लो आहे म्हणायचं.” आम्हाला कॅमेराही नाही आणि घरून कामही नाही.

बाहेरची माणसं घरी येणार नाहीत असे दिवस शोधायला बसले तेव्हा आपलं कॅलेंडर किती भरगच्च आहे ते कळलं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. श्रावणात मंगळागौरी नि सत्यनारायण. गणपतीत तर घर आपलं राहतच नाही. दिवाळीला भाऊबीज. राहता राहिला पितृपक्ष. गणपतीचे पाहुणे गेलेले, नवरात्र बसायचंय, मधल्या पंधरवड्यात कुणी कुणाला बोलवत नाही. बहीण म्हणाली, “पितृपक्षात कुणी स्वतःला सुंदर करून घेतं का गं?” मी म्हटलं, म्हणूनच कुणाला संशय येणार नाही. अर्जात लिहिलं, ‘खाजगी कारणास्तव’. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “घरी सगळं ठीक ना?” “ठीक आहे, सर.” माझं टेबल सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला मी परतायची तारीख सांगितली, चालू फाइलींची यादी दिली, कपाटाची किल्ली दिली. त्याला तेवढं देणं लागत होते. कारण देणं लागत नव्हते.

ऑपरेशन म्हणजे गुंगी, पापणीत टोचलेली भूल, आणि दूरवर कुठेतरी कुणीतरी काहीतरी शिवतंय अशी जाणीव. त्याच संध्याकाळी घरी. खरं काम घरी असतं. उशाला दोन-तीन उशा घेऊन उताणं पडून राहायचं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुकरसुद्धा नाही. रुमालात बर्फ गुंडाळून अलगद टेकवायचा. मलमाने सगळं धुरकट दिसतं, त्यामुळे वाचनही बंद. डोळ्यांभोवती आधी काळंजांभळं झालं, मग त्याला हिरवट झाक आली, मग हळदीसारखं पिवळं, आणि रंग बदलता बदलता ते गालावर उतरत गेलं. आठवडा भरायच्या आत टाके निघाले. आरशातली बाई मात्र त्या पहिल्या आठवड्यात अशी दिसत होती की कुणीतरी तिला चांगलंच बदडलंय.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना त्या आठवड्यात येऊ नका म्हणायचं माझ्या मनात होतं, पण त्यांचा पगार कापायचा नाही आणि कारण सांगायचं नाही, हे जमेना. तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीतून पाणी घ्यायला उठले आणि त्या दारातच समोर आल्या. हातातला झाडू तसाच. आधी माझ्याकडे बघितलं, मग हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे. नळ सोडला, पाण्याचा आवाज मोठा केला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताई, साहेबांनी हात उचलला का? लाजू नका. दोन दिवस माझ्याकडं चला.”

दोन खोल्यांचं घर त्यांचं, त्यात पाच माणसं. आणि त्या मला बोलवत होत्या. त्या क्षणी ‘पडले’ म्हणणं शक्य होतं. सगळ्या बायका ‘पडले’च म्हणतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या थापेने माझं गुपित राहिलं असतं आणि एका गरीब स्वभावाच्या माणसाची अब्रू गेली असती. मी खरं सांगितलं. पिशव्या, कातडी, ऑपरेशन, सगळं. त्यांनी नळ बंद केला.

“दुखलं का लई?”

“नाही फार.”

“मग काय झालं. केसं काळी करता, तसंच.” आणि झाडू मारायला लागल्या. पुढे त्यांच्या तोंडून हा विषय कुठे निघाल्याचं ऐकलं नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी चार घरी त्या जातात, हे मुद्दाम सांगायला हवं.

उताणं पडून राहण्याच्या त्या दिवसांत मला सारखा एक माणूस आठवायचा. कावसजी त्याचं नाव, निदान इंग्रजांनी तसं लिहिलंय. जातीचा शेतकरी मराठा, 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकायला होता. टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला आणि मग आमच्या या पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक लावून दिलं. कंपनीच्या दोन डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आलं. कापल्या नाकावर मेणाचा पत्रा बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर पसरून आखायचा, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची, पण भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. पट्टी सोडवायची पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. आणि पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं! ते वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने 1814 मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं आणि ही विद्या युरोपात रुजली.

पुण्यातल्या पहिल्या प्रसिद्ध प्लास्टिक सर्जरीला साक्षीदार होते, चित्रकार होता, वर्णन छापून आलं, आणि कावसजीने तोंड लपवल्याची कुठे नोंद नाही. त्याचं कारण उघड आहे. त्याच्यावर अन्याय झाला होता. अपमान चारचौघांत झाला, तर भरपाईही चारचौघांत. सहानुभूती मिळायला मागे काहीतरी दुःख असावं लागतं. माझ्या मागे काही नव्हतं. वडिलांचे डोळे होते.

सरकारी कागदही हेच म्हणतो. उपचारांवर एरवी जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक सर्जरी आणि केस लावणं त्या सवलतीतून वगळलेलं आहे. जन्मजात व्यंग असेल, अपघात झाला असेल तर सूट, नाहीतर 18 टक्के. आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही तेच: भाजणं, अपघात, कर्करोग यांनंतरचं चालतं, हौशीचं नाही. मला यात काही गैर वाटत नाही. माझ्या डोळ्यांखालच्या पिशव्यांचा भार बाकीच्यांनी का उचलावा? फक्त एवढंच झालं की माझ्या बिलावर तो 18 टक्क्यांचा आकडा स्वच्छ छापलेला होता, आणि जाणत्याला तेवढ्यावरून सगळं कळलं असतं. बिल साड्यांच्या खाली गेलं.

तेवढ्याच पैशाच्या मी पाटल्या केल्या असत्या तर पहिल्या दिवशी ऑफिसात घालून गेले असते. वजन सांगितलं असतं, घडणावळ सांगितली असती, पेढे वाटले असते. हौस तीच, पैसा तोच, अंग तेच. पण पाटल्या सुनेला जातात, पापण्या कुणाला जात नाहीत. आपल्याकडे बाईच्या हौशीला घराण्याचा हिशोब जोडलेला असला की ती शोभते. नुसती स्वतःसाठी केली की “या वयात?” असा प्रश्न येतो. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, कारण मी कुणाला विचारू दिला नाही.

काही जण म्हणतील, लपवलंत म्हणूनच लाजेचं झालं, उघड सांगा, धीट व्हा. मला हे पटत नाही. धीटपणा ऑफिसच्या कामात दाखवायला भरपूर जागा आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो निकाल आमच्या चहाच्या टेबलापर्यंत यायला अजून वेळ आहे, पण मला स्वतःपुरता तो लागू करायला काय हरकत? थोडी लाज होती, नाही म्हणत नाही. पण नुसती लाज नव्हती. एखादी गोष्ट चर्चेला न देता आपल्याजवळ ठेवण्यात सुखही असतं, आणि भरलेल्या घरात, भरलेल्या ऑफिसात ते वाट्याला फारसं येत नाही.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात मी बाहेर पडायला लागले. पुण्यात त्याची सोय आहे. स्कूटरवरच्या सगळ्याच बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नुसते डोळे उघडे ठेवतात. माझं नेमकं उलटं काम होतं, म्हणून वर गॉगल. सगळा चेहरा झाकून मी मंडईत भाजी घेतली, बँकेत गेले, ओळखीच्या दोघी शेजारून गेल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही.

ऑफिसात गेले त्या दिवशी रजेची कारणं मला दुसऱ्यांनीच पुरवली. एकाला वाटलं चष्मा बदलला. एक बाई म्हणाल्या, “रजा मानवली हो तुम्हाला, चेहरा कसा टवटवीत झालाय.” एकाच्या मते मी थायरॉइडची गोळी नियमित घ्यायला लागले असणार. आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी मात्र जरा जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, “काजळ बदललंत?” हो म्हटलं. “छान आहे,” त्या म्हणाल्या आणि टपालाच्या गठ्ठ्याकडे वळल्या. त्यांना कळलं असावं. आजतागायत त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही, आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल माझं मत फार चांगलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्याच मजल्यावरचा एक तरुण लिपिक अर्जाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी घुटमळत उभा राहिला. आजूबाजूचे जेवायला गेल्यावर म्हणाला, “मॅडम, मेडिकल टाकू का देवदर्शन लिहू?” त्याला काय करून घ्यायचंय ते मी विचारलं नाही. अंदाज आहे, तो इथेही लिहिणार नाही.

“दोन्ही नको. अर्जित टाक. ‘खाजगी कारणास्तव’ लिही आणि थांब.”

“साहेब विचारतील.”

“विचारतील. घरी सगळं ठीक ना, म्हणतील. ठीक आहे म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेवढंच. तिसऱ्यांदा सहसा विचारत नाहीत. आणि तुझ्या फाइलींची यादी आधी माझ्याकडे दे.”

त्याने माझ्यासमोरच लिहिलं. एका रकान्यापाशी पेन अडलं. ‘रजेच्या काळातील पत्ता’.

“इथं काय लिहू? मित्राच्या रूमवर राहणारे मी.”

“मित्राच्या रूमचाच लिही. इतक्या वर्षांत तो रकाना वाचलेला माणूस मी पाहिलेला नाही.”